तळ्याच्या पाण्याचे आकडे काठावरच्या माणसापर्यंत कसे न्यायचे: वहीपासून मोबाईलवरच्या ग्राफपर्यंत सगळं सविस्तर

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला गेलात की एक प्रश्न रोज कानावर पडतो, आज पाणी असं हिरवं का दिसतंय? विचारणारे खूप आणि उत्तर द्यायला कोणी नाही. खरं तर उत्तराचा थोडा भाग कुठंतरी लिहिलेला असतोच, कुणाच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधे, कुठल्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावरच्या टेबलमधे, किंवा आमच्यासारख्यांच्या वहीत. मी केमिस्ट्री शिकवते, आम्ही चार-पाच जण मिळून पाण्याचे नमुने घेतो, आणि पहिलं वर्षभर आमचे सगळे आकडे एका वहीतच पडून होते. नंतर ते ऑनलाईन टाकले, चुकलो, परत टाकले. त्यातून जे हाताला लागलं ते इथं पायरी पायरीनं लिहिते. उदाहरण रंकाळ्याचं देतेय कारण ते मला पाठ आहे, पण तुमचं गावतळं असू दे, शहरातला तलाव असू दे नाहीतर पाझर तलाव, पद्धत तीच. मधे मधे "समजा" म्हणून जे आकडे येतील ते फक्त समजावण्यासाठी आहेत, ते रंकाळ्याची मोजमापं म्हणून कुठं पुढं पाठवू नका.

सुरुवात आकड्यांपासून नको, माणसांपासून करा

ही पायरी सगळे गाळतात, आम्हीही गाळली होती. आधी काठावर एक तास बसा आणि कोण कोण येतंय ते बघा. गळ टाकून बसलेला माणूस, म्हशी घेऊन आलेले मामा, धुणं धुवायला आलेल्या मावशी, पोरांना पोहायला शिकवणारे अण्णा, पदपथावर फिरणारे आजीआजोबा, सगळे "पाणी कसं आहे" असंच विचारतात पण प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असतं. गळवाल्याला मासे जगतील का ते हवंय, अण्णांना पोरं पाण्यात उतरवायची का ते, फिरणाऱ्यांना वास कशामुळं येतोय ते, आणि नाल्याजवळ राहणाऱ्यांना सांडपाणी अजून येतंय की थांबलं ते.

आता एकेका प्रश्नाला नेमकं मोजमाप लावा. माशांच्या प्रश्नाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ. पोहण्याच्या प्रश्नाला कोलिफॉर्म जंतू, म्हणजे सांडपाणी मिसळल्याची खूण देणारे जंतू, जोडीला बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते. हिरव्या पाण्याला पारदर्शकता आणि जमलं तर फॉस्फरस, कारण तो शेवाळाचं खत. सांडपाण्याला नाल्याच्या तोंडापाशी आणि तळ्याच्या मधोमध एकाच दिवशी घेतलेली कंडक्टिव्हिटी (विरघळलेल्या क्षारांमुळं पाण्यातून वीज किती वाहते ते), तिच्यातला फरक बरंच सांगतो आणि मीटर फार महाग नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वापरानुसार पाण्याची वर्गवारी आहे ती इथं उपयोगी पडते: उघड्यावर आंघोळीच्या पाण्यात, म्हणजे बी वर्गात, डीओ लिटरला निदान ५ मिलिग्रॅम, बीओडी ३ च्या आत, पीएच ६.५ ते ८.५ मधे आणि एकूण कोलिफॉर्म १०० मिलीला ५०० च्या आत हवेत, आणि मासे व वन्यजीवांसाठीच्या डी वर्गात डीओ निदान ४. हे आकडे पुढं तुमच्या ग्राफवरच्या रेषा होणार आहेत, आत्ताच लिहून ठेवा.

मोजताना काय लिहायचं

पारदर्शकतेसाठी सेक्की डिस्क घरीच होते, २० सेंटीमीटरची चकती, चार भाग आळीपाळीनं काळे-पांढरे, मधे भोक पाडून खाली वजन आणि वर खुणा केलेली न ताणणारी दोरी. १८६५ मधे अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं भूमध्य समुद्रात ही पद्धत तपासली आणि आजही जगभर ती चालते. होडीच्या सावलीच्या बाजूला, गॉगल काढून, दुपारच्या आसपास चकती सोडायची, दिसेनाशी झाली की खूण धरायची, वर ओढताना परत दिसली की दुसरी खूण, दोन्हीची सरासरी. काठावरून टाकलीत आणि चकती तळाला टेकली तरी दिसतेय असं झालं तर तसंच लिहा, "तळ दिसला", त्या जागी खोलीचा आकडा ठोकून देऊ नका.

डीओचं मात्र नीट समजून घ्या कारण लोकांची सगळ्यात जास्त दिशाभूल इथंच होते. हिरव्यागार तळ्यात शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री शेवाळ, मासे, जंतू सगळे मिळून तो खातात, त्यामुळं डीओ पहाटे उगवतीच्या आधी सगळ्यात कमी आणि दुपारी तीन-चारला सगळ्यात जास्त असतो. ३० अंश तापमानाला पाणी हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, कोल्हापूरसारख्या उंचावरच्या गावात त्याहून थोडा कमीच. म्हणजे समजा दुपारी तुमचा मीटर १२ दाखवतोय तर पाणी झकास आहे असं अजिबात नाही, शेवाळ माजलंय असं आहे, आणि त्याच तळ्यात पहाटे डीओ २ वर येऊन सकाळी मासे तरंगलेले दिसू शकतात. नुसता "डीओ १२, हिरवा टिक" असा ग्राफ टाकलात तर तुम्ही लोकांना उलटंच सांगितलंत. म्हणून वेळ लिहिल्याशिवाय डीओ लिहायचा नाही, आणि जमत असेल तर महिन्यातून एकदा एकाच जागी पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळेला मोजायचं. आमच्या सगळ्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच पहाटेची नोंद, झोपमोड होते पण करा.

प्रत्येक वेळी ठरलेल्या जागेवरून एक फोटो, वास, रंग, केंदाळ (जलपर्णी) किती, आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, हेही लिहा. पाण्याची पातळीही. रंकाळ्यात संध्यामठ, ही पाण्यातली जुनी दगडी वास्तू, किती बुडालाय यावरून पाणी किती ते कुणालाही कळतं, अशी एखादी ओळखीची खूण तुमच्याकडं असेल तर तीच पट्टी समजा.

शीट कशी भरायची

गूगल शीट पुरे, पण शिस्तीत भरलेली. एक ओळ म्हणजे एका जागी, एका वेळी, एका खोलीवर, एका गोष्टीचं एक मोजमाप. कॉलम असे: तारीख, वेळ, जागेचा कोड, खोली, काय मोजलं, आकडा, एकक, कशानं मोजलं, शेरा. सेल जोडायचे नाहीत, रंगानं अर्थ सांगायचा नाही (पिवळा म्हणजे शंकास्पद वगैरे, ग्राफला रंग कळत नाही, त्यासाठी वेगळा कॉलम करा).

दोन खाचखळगे इथं आम्ही स्वतः पडून शोधलेत. एक, तारीख. ५/७ लिहिलं की शीटच्या सेटिंगप्रमाणं ती कधी ५ जुलै होते तर कधी ७ मे, आणि आमचा पावसाळ्यातला गढूळपणा ऐन उन्हाळ्यात जाऊन बसला होता. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असंच लिहा, २०२४-०७-०५ असं. दोन, शीटमधे आकडे इंग्रजीच टाका, देवनागरी आकडे टाकले की बऱ्याच टूलना तो मजकूर वाटतो आणि ग्राफ कोरा येतो, मराठी आपण शीर्षकात आणि खुलाशात आणू.

मोजलं नाही तर रिकामं सोडा, शून्य नको. शून्य ऑक्सिजन आणि न मोजलेला ऑक्सिजन यात मेलेल्या आणि गैरहजर माणसाइतका फरक आहे. लॅबनं "०.०५ पेक्षा कमी" असं दिलं तर आकड्याच्या कॉलममधे ०.०५ आणि शेजारच्या कॉलममधे "पेक्षा कमी". मूळ नोंदींच्या टॅबला कधी हात लावायचा नाही, दुरुस्ती वेगळ्या टॅबमधे, कुणी, कधी, का, हे लिहून. लोक विचारतात हो, "गेल्या महिन्यात वेगळा आकडा होता," तेव्हा हे दाखवता येतं.

कुठलं टूल घ्यायचं

यावर लोक महिने घालवतात, मी दोन दिवसांच्या वर घालवू नका म्हणेन.

शीटमधलाच ग्राफ पहिल्या आठवड्याला चालतो पण फोनवर नीट बसत नाही. मला सगळ्यात सोयीचं वाटलं ते डेटारॅपर, ही ग्राफ बनवायची वेबसाइट आहे, फुकटात बरंच होतं, कोडिंग लागत नाही, फोनवर छान दिसतं. फ्लरिश हलत्या-बोलत्या चित्रांसाठी चांगलं, पण फुकटच्या खात्यात तुमचा डेटा सगळ्यांना खुला राहतो हे लक्षात घ्या. लुकर स्टुडिओमधे फिल्टरवाला डॅशबोर्ड होतो पण साध्या फोनवर आणि कमी रेंजमधे तो उघडायला वेळ लागतो आणि काठावरचा माणूस तेवढा थांबत नाही. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यातल्या शायनीमधे हवं ते करता येतं, फक्त फुकटच्या होस्टिंगला वापराच्या तासांची मर्यादा असते, आणि ते करणारा एकच पोरगा असेल आणि तो नोकरीला पुण्याला गेला की सगळं बंद. तेव्हा जे तुमच्यातल्या तिघांना तरी चालवता येतं ते घ्या.

जोडणी अशी: शीटमधे फक्त ग्राफपुरता एक वेगळा टॅब करा, फाईल मेनूत शेअर, मग पब्लिश टू वेब, तिथं तो एकच टॅब निवडून सीएसव्ही (टेबलची साध्या मजकुरातली फाईल) म्हणा, जी लिंक येईल ती डेटारॅपरमधे डेटा जोडायच्या जागी टाका. मग शीटमधे नवी ओळ भरली की थोड्या वेळानं ग्राफ आपोआप बदलतो. तो टॅब आता जगाला दिसतो, म्हणून त्यात नमुने घेणाऱ्यांची नावं, फोन नंबर, कुणाच्या घरामागचा नाला असला तपशील ठेवू नका.

चित्र काढताना

पारदर्शकतेचा ग्राफ उलटा करा. शून्य वर आणि खोली खाली, म्हणजे वरची कड हाच पाण्याचा पृष्ठभाग. असा ग्राफ दाखवला की कुणाला काही सांगावं लागत नाही, चकती कुठपर्यंत दिसली ते डोळ्यासमोर येतं. आधी आम्ही सरळ काढला होता आणि दर वेळी समजावत बसायचो.

कोलिफॉर्मचं त्याहून अवघड. आम्ही पहिला ग्राफ दाखवला, रेषा चढत गेलेली, आणि एक काका खुश होऊन म्हणाले, वा, सुधारतंय की. त्यांची काय चूक, वर जाणारी रेघ म्हणजे प्रगती हे आपण आयुष्यभर बघत आलोय. शिवाय हे आकडे शेकड्यात असतात तसे लाखातही जातात, एका पट्टीवर मावत नाहीत, आणि लॉग पट्टी (जिच्यावर प्रत्येक पायरी आधीच्या दहा पट असते) टपरीवर बसून समजावणं मला तरी जमलेलं नाही. मग रेषा सोडून दिली आणि प्रत्येक नमुन्याला एक चौकोन केला, तीन छटा: आंघोळीच्या निकषात बसलं, दहा पटीपर्यंत जास्त, दहा पटीपेक्षाही जास्त. चौकोनावर बोट ठेवलं की खरा आकडा. हे लगेच कळलं.

लाल-हिरवी जोडी टाळा, पुरुषांमधे बऱ्याच जणांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत आणि सांगत कोणी नाही. निळा आणि नारिंगी घ्या, किंवा एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा. इंद्रधनुष्यासारखी सप्तरंगी पट्टी तर नकोच, पिवळ्याच्या जागी उगीच मोठा बदल झाल्यासारखं वाटतं. आणि हिरव्या रंगात "सुरक्षित" असा शब्द कधीच लिहू नका. कोलिफॉर्मच्या तपासणीला दोन ते चार दिवस लागतात, म्हणजे निकाल येतो तेव्हा ते पाणी कधीच बदललेलं असतं. "५ जुलैच्या नमुन्यात आंघोळीच्या निकषात बसलं" इतकंच लिहा, तारीख ठळक. हिरव्या रंगाचा तवंग दिसत असेल तर आकडे काहीही असोत, पोरांना आणि गुरांना लांब ठेवा असं ग्राफच्या वरच लिहा, कारण नील-हरित शेवाळाचं विष डीओच्या मीटरवर दिसत नाही आणि त्यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष उकळूनही जात नाही.

निकषाची रेषा काढली की तिच्यावरच साध्या शब्दात लिहा, "याच्या खाली माशांना त्रास". "डीओ क्रायटेरिया डी" असं लिहू नका. जून ते सप्टेंबर मागं फिकट राखाडी पट्टा ओढा आणि त्यावर "पावसाळा" लिहा, निम्मे प्रश्न तिथंच संपतात. मधे दोन महिने मोजलं नसेल तर रेषा तोडा, सलग जोडू नका. डेटारॅपर ती आपोआप जोडत नाही ना, ते सेटिंग तपासा. सकाळच्या आणि दुपारच्या डीओला वेगळे आकार द्या, गोल आणि त्रिकोण, कारण ते एकाच रेषेत ओवले की वर सांगितलेला सगळा घोळ होतो.

खूप जण कार्लसनचा निर्देशांक लावतात, १९७७ चा, सेक्कीच्या खोलीवरून तळ्याची सुपीकता सांगणारा. शीटमधे सोपा आहे, ६० वजा १४.४१ गुणिले मीटरमधल्या खोलीचा एलएन (नैसर्गिक लॉग), म्हणजे चकती १ मीटरपर्यंत दिसली तर ६०, २ मीटरपर्यंत तर ५०, अर्ध्या मीटरला ७०, आणि ५० च्या वर गेलं की पाणी अतिपोषित, म्हणजे त्यात शेवाळाचं खाद्य जास्त. पण त्यात पाणी गढूळ आहे ते शेवाळामुळंच असं धरलेलं आहे. आपल्याकडं जुलैत डोंगरउतारावरची माती वाहून येते आणि चकती अर्ध्या फुटात गडप होते, शेवाळ नसलं तरी. पावसाळ्यातले निर्देशांक ग्राफवर दाखवूच नका, किंवा पोकळ ठिपक्यांनी दाखवून शेजारी "मातीमुळं गढूळ" लिहा.

बटणं किती? माझ्या मते दोन. जागा निवडायची आणि वर्ष निवडायचं. फोनवर माऊस नसतो त्यामुळं नुसतं वरून फिरवल्यावर दिसणारी माहिती तिथं पोचत नाही, बोट टेकवल्यावर दिसतेय ना ते स्वतःच्या फोनवर बघा, ठिपके मोठे ठेवा. आणि बोट टेकल्यावर जी पाटी उघडते तिच्यात नुसता आकडा नको, वाक्य घाला: "१२ मे, पहाटे ५.४०, शालिनी पॅलेससमोर, ऑक्सिजन २.८, माशांना कमी." (हा आकडाही समजाच.) शीटमधे एक कॉलम करून हे वाक्य फॉर्म्युल्यानं जोडून घेता येतं.

नकाशा आणि उपग्रहाचे फोटो

यूमॅप या फुकट साइटवर ओपनस्ट्रीटमॅपचा खुला नकाशा घेऊन आपल्या जागांचे ठिपके टाकणं तासाभराचं काम आहे. प्रत्येक ठिपक्यावर तिथला फोटो आणि ग्राफची लिंक. लोक आधी आपलं घर शोधतात, मग जवळचा ठिपका दाबतात, तेव्हा इराणी खण, संध्यामठ, नाल्याचं तोंड अशीच नावं द्या, "स्टेशन ३" नको. एक विनंती, तीन-चार जागांच्या आकड्यांवरून अख्ख्या तळ्यावर रंगाचा मुलामा देऊ नका. दिसायला ते फार भारी दिसतं, पण मधलं पाणी तुम्ही मोजलेलंच नाही, आणि लोक त्या रंगावर विश्वास ठेवतात.

केंदाळ दाखवायला मात्र उपग्रहासारखं दुसरं काही नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचे फोटो कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात, एक चौकोन १० मीटरचा, दर पाच-सहा दिवसांनी नवा फोटो, रंकाळ्याएवढ्या तळ्याला भरपूर झालं. पावसाळ्यात ढग असतात त्यामुळं ऑक्टोबर ते मे धरा. दोन तारखांचे फोटो घेऊन मधे सरकवायची दांडी लावणारं जक्स्टापोज नावाचं फुकट टूल आहे, त्यात टाका. जून २०२० मधे लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आधीचा आणि नंतरचा उपग्रह फोटो शेजारी शेजारी ठेवून लोकांना जे एका नजरेत कळलं ते क्षारतेच्या टेबलनं कधी कळलं नसतं. पुढं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या अभ्यासात त्याचं कारण खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव असल्याचं पुढं आलं, म्हणजे फोटोनं प्रश्न उभा केला आणि उत्तर नमुन्यातून आलं. तळ्याच्या पानावर म्हणूनच फोटो वर ठेवा आणि नमुन्यांचे ग्राफ त्याच्या लगेच खाली.

लोकांना दाखवून बघा, न बोलता

प्रसिद्ध करायच्या आधी फोन घेऊन टपरीवर जा आणि तीन जणांना दाखवा. काही समजावू नका, हे फार जड जातं पण तोंड बंद ठेवा. विचारा, "यावरून पोराला पाण्यात उतरू द्याल का?" ते काय दाबतात, कुठं अडतात, काय वाचून दाखवतात ते लिहून घ्या. आमच्या मावशींनी एकदा विचारलं, बीओडी म्हणजे कुठली पार्टी का, तेव्हापासून आम्ही ग्राफवर "पाण्यातली सडकी घाण" असं लिहितो आणि बीओडी हा शब्द खाली खुलाशात ठेवतो. कंडक्टिव्हिटीला "विरघळलेले क्षार", टर्बिडिटीला "गढूळपणा". तिघांपैकी दोघं अडले तर ग्राफ बदला, लोकांना शिकवत बसू नका.

पोचवायचं कसं

लिंक कोणी आपणहून उघडत नाही. व्हॉट्सॲपवर ग्राफचा फोटो टाका आणि त्याखाली लिंक, फोटोतच तारीख आणि जागा छापलेली असू दे कारण तो फोटो दोन वर्षांनी परत फिरणार हे नक्की. काठावर बाकापाशी क्यूआर कोडची पाटी लावा, परवानगी घेऊन. पाटीवर नुसता कोड नको, "आज पाण्यात ऑक्सिजन किती होता बघा" असं काहीतरी लिहा. स्मार्टफोन नसणाऱ्यांसाठी त्याच पाटीवर खडूनं शेवटचा आकडा.

पानाच्या तळाला एक छोटा फॉर्म ठेवा, "तुम्हाला काय दिसलं?", फोटो जोडायची सोय असलेला. मेलेले मासे, फेस, नवीन पाईप, हे आम्हाला आमच्या मोजमापाआधी लोकांकडूनच कळलंय. आलेल्या प्रत्येक नोंदीला आठवड्यात उत्तर द्या, "बघितलं, त्या दिवशी आम्ही मोजलं नव्हतं" एवढं उत्तरही चालतं.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राष्ट्रीय कार्यक्रमात पाण्याच्या नियमित तपासण्या करतं. तुमच्या भागातलं एखादं ठिकाण त्यात असेल तर ते आकडे शेजारी दाखवा, वेगळ्या रंगात, वेगळ्या नावानं. तुमच्या किटचे आणि त्यांच्या लॅबचे आकडे एकाच रेषेत मिसळू नका. फरक दिसला तर लपवू नका, कुणी कुठं किती वाजता कशानं मोजलं ते लिहा, बऱ्याचदा फरकाचं कारण वेळच निघतं.

शेवटची तयारी

पानावर "आम्ही कसं मोजतो" असा एक भाग ठेवा, मीटर शेवटचा कॅलिब्रेट कधी केला (बरोबर दाखवतोय ना ते ताडून घेतलं) त्या तारखेसकट. सगळा डेटा सीएसव्हीमधे डाऊनलोड करता येऊ दे आणि नावासकट कुणीही वापरा अशी खुली परवानगी लिहून द्या, त्यातून शाळेतल्या पोरांचे प्रोजेक्ट होतात आणि चुका सापडतात, आमची ती मे-जुलैची चूक एका नववीतल्या मुलीनंच धरून दिली. खातं कुणा एकाच्या ईमेलवर नको, गटाचं वेगळं ईमेल करा आणि पासवर्ड दोघांकडं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शीटची कॉपी पेन ड्राईव्हवर. आणि ज्या आठवड्यात मोजायला जमलं नाही त्या आठवड्यात पानावर तसं लिहा, "या रविवारी होडी मिळाली नाही, पुढचं मोजमाप १९ तारखेला," कारण त्या रविवारी सकाळी गळवाला माणूस पान उघडून बघतो, आणि आकडा दिसला नाही की तो फोन करतो.